करवंदीचें कूळ आणि मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. वनस्पतिशास्त्रज्ञाला मात्र कूळ आणि मूळ विचारल्यावांचून पुढें पाऊलच टाकतां येत नाहीं. आणि ज्या झुडपाला सामान्य माणूस केवळ कांटेरी जाळी म्हणून ओळखतो, त्याचें कूळ विचारूं लागलें असतां पुष्कळदां मोठा रंजक इतिहास बाहेर पडतो. करवंदीची गोष्ट अशीच आहे.

मुंबईहून रेल्वेनें उत्तरेकडे सुमारें सव्वाशें किलोमीटर गेलें म्हणजे डहाणू लागतें. तेथून तलासरीच्या दिशेनें निघालें, कीं किनाऱ्याची वाळू आणि चिकूच्या वाड्या मागें पडतात व खडकाळ टेकड्यांचा प्रदेश सुरू होतो. हे दोन्ही तालुके पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते नव्या पालघर जिल्ह्यांत आहेत. चैत्र-वैशाखांत या टेकड्यांवर साग निष्पर्ण उभा असतो आणि गवत वाळून पिवळें पडलेलें असतें. अशा वेळीं उघड्या माळावर जी हिरवाई डोळ्यांत भरते, ती बहुधा करवंदीच्या जाळ्यांची. चैत्री पौर्णिमेला विवळवेढें येथें महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, त्या सुमारास करवंदें रंग धरूं लागतात. पुढें मृगापर्यंत आदिवासी बायका पहांटे रानांत जाऊन तीं वेंचतात आणि टोपल्या भरून बाजारांत किंवा रेल्वेच्या स्थानकाबाहेर आणून बसतात. पानांच्या द्रोणांतून मोजून दिलेली ही ‘डोंगरची काळी मैना’ शहरांतल्या घरांत पोंचते ती येथवर प्रवास करून.

शहरांतल्या घरीं करवंदाची ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते. करवंद म्हणजे करवंद. त्यांत प्रकार ते कसले, असें मोठ्या माणसांना वाटतें. लहान मुलें मात्र याविषयीं अधिक डोळस असतात. करवंद दांतांनीं तोडून गर तांबडा निघाला तर ‘कोंबडा’ आणि पांढरट निघाला तर ‘कोंबडी’, हा खेळ महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्या खेळत आल्या आहेत. खेळ म्हणून तो पोरकट खरा, पण वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा त्यांत आहे. बाहेरून एकसारखीं काळीं दिसणारीं दोन फळें आंतून निराळीं असूं शकतात, हें पाहणें म्हणजेच निसर्गांतील विविधता पाहणें होय. करवंदाला तांबडा-जांभळा रंग देणारें द्रव्य जांभूळ आणि कोकम यांतील रंगद्रव्यांच्याच वर्गांतलें आहे. शास्त्रांत त्या वर्गाला ॲन्थोसायनिन असें नांव आहे. तें गरांत किती उतरेल, हें फळाच्या पिकण्यावर जसें अवलंबून असतें, तसेंच त्या त्या झुडपाच्या उपजत गुणांवरहि असतें.

आतां कुळाकडे वळूं. वनस्पतिशास्त्रांत कुल म्हणजे मोठें घराणें, प्रजाति म्हणजे त्या घराण्यांतील एक घर आणि जाति म्हणजे त्या घरांतील एकेक भावंड, असें समजलें तर फारशी चूक होणार नाहीं. करवंदीचें घराणें करवीर कुल, म्हणजे कण्हेरीचें घराणें. तगर, सदाफुली, चाफा, सातवीण, कुडा हीं सारीं याच घराण्यांतलीं. आधुनिक वर्गीकरणानें रुईलाहि याच घरांत आणून बसविलें आहे. या नातेवाइकांत वरवर पाहतां साम्य दिसत नाहीं. परंतु करवंदीचें पान खुडावें, कीं देंठांतून पांढरा चीक येतो. तसा तो चाफ्यालाहि येतो व रुईलाहि येतो. करवंदीचें मिटलेलें फूल पाहावें, तर पांच पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून बसलेल्या दिसतात. तगरीच्या कळींतहि तोच पीळ आहे. घराण्याची ओळख अशा खुणांवरून पटते.

हें घराणें मात्र खाण्याच्या दृष्टीनें मुळींच विश्वासाचें नव्हे. कण्हेरीचें विष सर्वांना ठाऊक आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. अशा घराण्यांत मुलांनीं ओंजळीनें खावें असें फळ निपजलें, हेंच पहिलें आश्चर्य. दुसरें आश्चर्य याहून मोठें आहे. करवंदीची सर्वांत जवळची बहीण म्हणजे आफ्रिका व अरबस्तान येथें वाढणारी ‘अकोकँथेरा’ नांवाची प्रजाति. तिच्या सालीपासून व लांकडापासून पूर्व आफ्रिकेंतील शिकारी लोक बाणांना लावण्याचें जालिम विष करीत आले. त्यांतील ‘ऊआबाइन’ हें द्रव्य थेट हृदयाच्या क्रियेवर आघात करतें. या दोन बहिणींची पानें, फुलें व फळें इतकीं सारखीं आहेत, कीं अकोकँथेराच्या कांहीं जाती एके काळीं करवंदीच्याच प्रजातींत घातल्या गेल्या होत्या. त्यांना ओळखण्याची सर्वांत सोपी खूण कोणती? कांटा. अकोकँथेराला कांटे नसतात, करवंदीला असतात. अर्थात् कांटा आहे म्हणून कोणत्याहि झुडपाचें फळ खावें, असा याचा अर्थ नव्हे. परंतु या एका घरापुरतें बोलायचें तर कांटेरी बहीण उपकारक आणि बिनकांट्याची बहीण घातक, असा उफराटा न्याय येथें दिसतो.

करवंदीच्या प्रजातीचें शास्त्रीय नांव ‘कॅरिसा’. तें स्वीडनच्या लिनीअसनें १७६७ सालीं दिलें आणि आपल्याकडील फळाला त्यानें ‘कॅरिसा कॅरॅन्डस’ म्हटलें. यांतील दुसरा शब्द परका वाटला तरी तो मूळचा आपल्याच देशांतील बोलींतून गेलेला आहे. त्याच्या दोनशें वर्षें आधीं, १५६३ सालीं, गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथांत ‘कारांदास’ या फळाचें प्रकरण आलेलें आहे. संस्कृत ग्रंथांत याच फळाला करमर्द अथवा करमर्दक म्हणतात. म्हणजे ज्या नांवानें आज जगांतील शास्त्रज्ञ हें झुडूप ओळखतात, तें पश्चिम किनाऱ्यावरूनच युरोपांत पोंचलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

या प्रजातीचा विस्तार आफ्रिकेपासून अरबस्तान, भारत व आग्नेय आशिया यांमधून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. एवढ्या प्रदेशांत हिंडलेल्या संशोधकांनीं निरनिराळ्या झुडपांना डझनावारी नांवें देऊन ठेवलीं होतीं. २००१ सालीं लीवेनबर्ग व व्हॅन डिल्स्ट या डच संशोधकांनीं सर्व नमुने पुन्हां तपासून या नांवांची छाटणी केली आणि केवळ सात जाती खऱ्या मानल्या. त्यांत ‘कॅरिसा स्पायनॅरम’ ही सर्वांत दूरवर पसरलेली. कोठें तिचें पान बोटाच्या पेराएवढें, कोठें त्याच्या दुप्पट-तिप्पट. कोठें तें लवदार, कोठें गुळगुळीत. अशा टोंकाच्या रूपांना पूर्वीं वेगवेगळ्या जाती मानीत. आतां तीं एकाच जातीचीं अनेक रूपें समजलीं जातात. आपल्या सह्याद्रीकडील लहान, काळ्या फळांच्या करवंदीलाहि रॉबर्ट वाइट यांनीं १८४८ मध्यें ‘कॅरिसा कंजेस्टा’ असें वेगळें नांव दिलें होतें. कोणी तिला अजूनहि स्वतंत्र जाति मानतात, तर कोणी तिला दुसऱ्या जातींत सामावून घेतात. हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. जें झुडूप जागोजाग रूप बदलतें, त्याच्या अंगीं बदलण्याची शक्ति मोठी आहे, हेंच त्यावरून सिद्ध होतें.

या सात भावंडांपैकीं शहरवासीयांच्या बागेंत शिरलेली म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांताच्या किनाऱ्यावरील ‘कॅरिसा मॅक्रोकार्पा’. इंग्रज माळ्यांनीं तिला नाताळचा आलुबुखार म्हटलें. जाड, चकचकीत पानें, दोन फांट्यांचा कांटा, पांढरीं शुभ्र, ताऱ्यासारखीं सुवासिक फुलें आणि दोन इंचांपर्यंत वाढणारें लालभडक फळ असें तिचें रूप आहे. खाऱ्या वाऱ्याला ती दाद देत नाहीं व कातरीनें हवा तो आकार घेते. म्हणून समुद्राकांठच्या शहरांतून कुंपणासाठीं व शोभेसाठीं तिला मोठी मागणी आली. १९०३ सालीं डेव्हिड फेअरचाइल्ड या वनस्पतिसंग्राहकानें दर्बान येथील बागेंतून तिचें पुष्कळ बीं अमेरिकेंत नेलें. फुलें तेथें विपुल आलीं, पण कित्येक झुडपें फळेनांत. या फुलाची नळी लांब व सुगंध रात्रीचा. त्याच्या मायदेशीं पतंग व निशाचर कीटक परागाची ने-आण करतात. परमुलुखांत तो मदतनीस पुरेसा मिळेना. झुडूप उचलून नेतां येतें, पण त्याच्या भोंवतालचा संसार उचलून नेतां येत नाहीं, हा धडा त्यावरून मिळाला.

आपल्या करवंदीच्या फुलाचीहि घडण तशीच आहे. पांढरा रंग, जाईची आठवण करून देणारा गंध आणि आंत केसर लपविणारी बारीक नळी हीं पतंगांना बोलावणाऱ्या फुलांचीं लक्षणें होत. फांदीच्या टोंकाशीं येणाऱ्या या झुबक्यांतून उन्हाळ्याच्या तोंडीं फळें धरतात. प्रथम हिरवीं, मग तांबूस आणि शेवटीं जवळजवळ काळीं. कच्च्या फळांत चीक व आंबटपणा भरपूर असतो. म्हणून तीं लोणच्याला व चटणीला जातात. त्यांत पेक्टिन हें गोठविणारें द्रव्यहि पुष्कळ असल्यामुळें त्यांची जेली उत्तम होते. मैदानी मुलखांत लागवडीखालीं असलेल्या करवंदीचीं फळें रानच्यापेक्षां मोठीं व गुलाबी-पांढरीं असतात. तीं साखरेच्या पाकांत मुरवून, लाल रंग देऊन ‘चेरी’ म्हणून विकतात. केकवर बसविलेली ती लाल चेरी पुष्कळदां दुसरें तिसरें कांहीं नसून करवंदच असतें! दापोलीच्या कृषिविद्यापीठानें ‘कोंकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची निवड केली आहे, तर उत्तरेकडे पंतनगरच्या विद्यापीठानें ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ व ‘पंत सुवर्णा’ या निवडी दिल्या आहेत.

अशा निवडी कोठून येतात? ज्या रानांत किंवा बागेंत एकसारखीं नसलेलीं झुडपें पुष्कळ आहेत, तेथूनच. या ठिकाणीं डहाणूच्याच दुसऱ्या फळाशीं तुलना करणें उद्बोधक होईल. घोलवड-डहाणूचा चिकू आज सर्वत्र प्रसिद्ध आहे. २०१६ सालीं त्याला भौगोलिक चिन्हांकनहि मिळालें. चिकू मूळचा मध्य अमेरिकेंतला. येथील बागांत मुख्यतः ‘कालीपत्ती’ ही जात असून ती खिरणीच्या खुंटावर कलम बांधून वाढवितात. कलमाचा धर्मच असा, कीं हजार झाडें लावलीं तरी गुणांनीं तीं एकाच झाडाचीं हजार रूपें. बागाईतदाराला हवी असते ती ही एकसारखेपणाची खात्री, आणि तीत गैर कांहीं नाहीं. परंतु एखादा रोग किंवा हवामानांतील फेरबदल एका झाडाला सोसला नाहीं, तर तो बहुधा त्या हजारांनाहि सोसत नाहीं.

करवंदीची जाळी याच्या अगदीं उलट. तीं झुडपें कोणीं लावलेलीं नाहींत. बुलबुल, साळुंकी यांनीं फळें खावीं, बिया दूर कोठें तरी टाकाव्या आणि पाऊस पडल्यावर त्यांतून रोप वर यावें, असा तो क्रम. प्रत्येक बी म्हणजे आईबापांच्या गुणांचा नवा जुगार. म्हणून एकाच टेकडीवर एक जाळी लौकर पिकते, दुसरी उशिरां. एकीचें फळ गोल, दुसरीचें लांबट. एकीचें आंबट, दुसरीचें साखरेसारखें. कोणत्या जाळीचें करवंद गोड, हें वेंचणाऱ्या बाईला न चाखतां ठाऊक असतें. तिच्या या माहितीला शास्त्रीय नांव नसलें तरी ती माहिती शास्त्रीयच आहे. कारण नवी जात निवडूं पाहणारा संशोधकहि प्रथम हेंच पाहतो.

या जाळीचा उपयोग फळापुरताच नाहीं. करवंदीचा कांटा म्हणजे मूळची फांदीच. ती आंखूड व कठीण होऊन तिला टोंक येतें. त्यामुळें गुरें व शेळ्या जाळीच्या आंत तोंड घालीत नाहींत. परिणामीं दुसऱ्या झाडांचीं जीं रोपें जाळीच्या मध्यें रुजतात, तीं चराईपासून वांचतात आणि सांवलींत व ओलाव्यांत वाढून पुढें जाळीच्या वर डोकें काढतात. उजाड माळाचें पुन्हां रान होण्याची सुरुवात पुष्कळदां अशा कांटेरी आश्रयांतूनच होते. करवंदीला तोडलें तरी ती बुडापासून पुन्हां फुटते. वणवा, कुऱ्हाड, चराई या तिन्ही आपत्ती तिनें आजवर सोसल्या आहेत.

एक गोष्ट मात्र ती सोसूं शकत नाहीं, आणि ती म्हणजे मुळासकट उखडलें जाणें. डहाणू तालुक्याला केंद्र सरकारनें २० जून १९९१ रोजीं पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित केलें आणि तेथील उद्योगधंद्यांवर मर्यादा घातल्या. तरीहि मुंबई-अहमदाबाद जलद रेल्वे आणि मुंबई-बडोदें द्रुतगति मार्ग यांच्या आंखण्या याच पट्ट्यांतून गेल्या आहेत. टेकड्यांची माती भरावासाठीं जाते आणि माळ सपाट होऊन भूखंड पडतात. अशा कामांत झाडांची निदान मोजदाद होते. वृक्षतोडीला आळा घालणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या कायद्याच्या यादींत साग, खैर, मोह, जांभूळ यांना जागा आहे; करवंदीसारख्या झुडपाला नाहीं. यंत्राच्या एका फेरींत दहा जाळ्या गेल्या तर त्या गेल्याची नोंद कोठेंहि राहत नाहीं. जाळीबरोबर जातो तो तिचा लौकर पिकण्याचा अथवा गोडीचा विशिष्ट गुण. आणि तो पुन्हां मागवून आणण्याची दुकानें जगांत नाहींत.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. उन्हाळ्याचे हे दोन महिने शेतांत काम नसतें आणि घरांतलें धान्य सरत आलेलें असतें. करवंदाचा पैसा थोडा असला तरी तो नेमका या अडचणीच्या दिवसांत येतो व बहुधा बाईच्या हातांत येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें परंपरेनें गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आहे. पण हक्क कागदावर राहिला आणि जाळीच उरली नाहीं, तर तो हक्क बजावायचा कशावर?

शहरांतील कुटुंबांना यांत करण्यासारखें थोडें आहे, पण अगदींच कांहीं नाहीं असें नाहीं. बंगल्याला किंवा सोसायटीला कुंपण करावयाचें असेल तर नाताळच्या पाहुणीऐवजीं घरच्या करवंदीचा विचार करावा. तिचें बीं वाळलें म्हणजे लौकर निर्जीव होतें. म्हणून पिकलेल्या फळांतून काढलेलें बीं धुऊन लगेच पेरावें आणि पावसाळ्यांत रोपांची जोपासना करावी. पहिलें वर्ष वाढ मंद असते. पुढें ती स्वतःची काळजी स्वतः घेते व पाणीहि फारसें मागत नाहीं. एकाच द्रोणांतलें बीं न लावतां निरनिराळ्या ठिकाणच्या फळांचें लावलें, तर कुंपणांत विविधताहि येईल. आणि बाजारांत करवंदें घेतांना तीं कोणत्या गांवच्या रानांतलीं, एवढें विकणारणीला विचारावें. कूळ आणि मूळ विचारण्याची ती सर्वांत सोपी रीत आहे. ज्या रानाचें नांव घरांत ठाऊक असतें, तें रान गेलें म्हणजे निदान गेल्याचें कळतें तरी.